अण्णाजी म्हणते, कवा?

वर्ध्याकडे मे महिन्यात भुतं रात्री फिरत नाहीत. फिरतील कुठे? रात्री सगळं गाव अंगणात, गच्चीवर खाटा टाकून जागं असतं. कुणी कूलरमध्ये पाणी ओततो, कुणी पोरांना दटावतो, कुणी उगाच 'हवाच नाई बाप्पा' म्हणत कूस बदलतो. एवढ्या गर्दीत भुताने यावं कुठून आणि घाबरवावं कुणाला? खरी सामसूम असते ती दुपारची. जेवणं उरकली की दारं लागतात, कुत्री नालीच्या ओलाव्यात पोट टेकून पडतात, डांबर मऊ होतं, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊन एकटंच उभं राहतं. अशा वेळी बाहेर चपलेचा आवाज आला, तर जाणत्याने दार किलकिलं करून पाहू नये.

पवनारच्या बंडूजींना हे सगळं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ते भर दुपारी घराबाहेर पडले, कारण नातू उशिरा उठला.

नातू म्हणजे स्वप्निल, मुलीचा मुलगा. पुलगावला वाढला, आता पुण्यात नोकरीला. त्याचं काम असं की, कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी रात्रभर इंग्रजीत बोलायचं. कुणाचं मशीन बिघडलं, कुणाचं बिल चुकलं, याने इथून समजूत काढायची. त्यामुळे सुटीवर आला तरी त्याची सकाळ दुपारी व्हायची. पोरगा मात्र गुणी. आजीच्या हातची वांग्याची भाजी खाऊन तो बोटं चाटायचा, आणि बंडूजींच्या वाडीत भेंडी तोडायलाही यायचा, हातमोजे घालून का होईना.

तर त्याला घेऊन बंडूजी निघाले ते आपल्या दोस्ताच्या, अण्णाजींच्या, घरी बसायला. अण्णाजींची तेरवी होऊन गेली होती. स्वप्निलने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी पुण्याहून आलेल्या माणसाने जाऊन यायला हवंच.

अण्णाजींचं घर आणि किराण्याचं दुकान एकच, बसथांब्याच्या अलीकडच्या गल्लीत. दुकानाच्या ओट्यावर घडीच्या दोन लोखंडी खुर्च्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेल्या. एक अण्णाजींची, ती कायम उघडी. दुसरी घडी करून भिंतीला टेकवलेली. ती अशी कुणासाठी उघडत नसे. माणूस स्वभावाने गरीब, पण त्यांची एक खोड होती. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सगळं जग म्हणतं आणि चालू लागतं. अण्णाजी तेवढ्यावर सोडत नसत. मान वर करून विचारायचे, "कवा?"

मग गिऱ्हाईक थांबायचं. "उद्या-परवा" म्हणायचं. "उद्या का परवा?" व्हायचं. एकदा वेळ ठरली, की त्या वेळेला अण्णाजी दुसरी खुर्ची उघडत, ओल्या फडक्याने पुसत, आपल्यासमोर मांडत आणि आत चहाचं आधण ठेवायला सांगत. माणूस आला नाही, तर रागवायचे नाहीत. एका लग्नात रोहण्याचा एक दूरचा पाहुणा 'येतो मंग कधीतरी' म्हणाला. अण्णाजींनी 'कवा?' विचारून विचारून त्याच्याकडून पोळ्याचा दुसरा दिवस कबूल करून घेतला. पाहुणा विसरला. अण्णाजींनी संध्याकाळपर्यंत खुर्ची मांडून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने रोहण्याला जाऊन त्याच्या दारात उभे राहिले. "तुम्ही आले नाई, म्हणून मीच आलो. चहा ठेवा."

हा माणूस एका सकाळी आपल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. समोरची खुर्ची तेव्हा घडी केलेली होती.

"आयक," बंडूजी वाटेत नातवाला समजावत होते, "तेथी गेल्यावर चूपचाप बसाचं. निघतानी 'येतो' म्हणू नोको. मरणाच्या घरून तसं म्हणत नसते. ते निमित्त पुन्हा येते. उठाचं अन् चालू लागाचं."

"हो आबाजी. माहीत आहे मले."

"तुले माहीत हाय. तुया तोंडाले माहीत हाय का?"

आत अंधार आणि गारवा होता. अण्णाजींच्या बाई, प्रमिलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं. पोराने विचारपूस केली, अंधारात धड न दिसणाऱ्या फोटोला नमस्कार केला आणि काही न बोलता उठला. बंडूजींना बरं वाटलं. ते पायऱ्या उतरून चार पावलं पुढे गेले. मागे स्वप्निल बूट घालत होता. त्याचं काहीतरी पुटपुटणं त्यांच्या कानावर आलं, पण ऊन इतकं होतं की मागे वळण्याचासुद्धा कंटाळा.

वळणावरच्या कडुलिंबाखाली आल्यावर स्वप्निल म्हणाला, "ओट्यावरचे ते आजोबा कोण होते? प्रमिलाआजींचे भाऊ का?"

"कोणते आजोबा?"

"खुर्चीवर बसले होते ना. बंडी, खांद्यावर टॉवेल. चपलीले तांब्याची तार बांधली होती."

बंडूजींचे पाय थांबले. ती तार त्यांनीच बांधून दिली होती, मागल्या संक्रांतीला. तीच चप्पल तिरडीवर जाऊ नये म्हणून त्यांनीच बाजूला काढली होती.

"तू... बोलला का त्यांच्यासंग?"

"नाही. म्हणजे 'येतो' नाही म्हटलं. बिलकुल नाही म्हटलं."

"मंग काय म्हणलं?"

"काही नाही. 'बाय काका, सी यू', एवढंच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... भेटू."

बंडूजींनी कडुलिंबाचा बुंधा धरला. "अन् ते काय म्हणले?"

"'कवा?' म्हणले."

गल्लीत कुणीच नव्हतं. दूरवर कुठेतरी पत्रा उन्हाने तापून कडकड वाजला.

"मंग तू?"

"मी म्हटलं, 'सून'. म्हणजे लवकरच. तरी ते पाहतच राहिले, मग मीच म्हटलं, 'एनी टाइम, काका, एनी टाइम'."

"त्याचा अर्थ?"

"केव्हाही."

घरी हे ऐकल्यावर बंडूजींच्या बाई, चतुराबाई, यांनी आधी कपाळावर हात मारला, मग नातवाच्या पाठीत एक घातला, मग त्याच हाताने त्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

"अरे पोट्ट्या, मेल्या माणसाले 'केव्हाही' म्हणून आला? त्या बुड्ढ्याले? त्याले तं जित्तेपणी 'उद्या-परवा' चालत नोयता!"

"आजी, त्याचा काही अर्थच नसते. जाताना म्हणायचं असते."

"अर्थ नसते तं म्हणते काऊन?"

"काहीतरी तर म्हणा लागते ना. उठून तसंच कसं निघायचं?"

"तसंच निघाले सांगतलं होतं तुले!" बंडूजी म्हणाले, पण हळूच.

त्या दुपारी स्वप्निलला ताप भरला. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. पन्हं द्या, ओला टॉवेल ठेवा. दोन्ही केलं. बंडूजी ओसरीवर बसून नातवाला वारा घालत होते. वीज गेलेली. कूलर गप्प झाला, आणि त्या शांततेत गल्लीच्या टोकाकडून आवाज आला.

फट्... खर्र. फट्... खर्र.

एक चप्पल नीट पडत होती, दुसरीची तार दगडावर घासत होती. बंडूजींच्या हातातला पंखा थांबला. आवाज फाटकापर्यंत आला आणि थांबला. वारा नव्हता, तरी हिंगाचा आणि गुळाचा वास ओसरीवर चढला. अण्णाजींच्या टॉवेलाला तो वास यायचा.

"हाय का घरी?" अगदी हळू आवाज. नेहमीसारखाच.

"...झोपला हाय," बंडूजींच्या तोंडून निघालं.

"बरं. उठू द्या."

आणि फट्, खर्र, आवाज परत गेला. तो गल्लीच्या टोकाला विरला तेव्हा कुठे बंडूजींनी श्वास सोडला. उठू द्या म्हणाले, म्हणजे उठला की पुन्हा येतील. खाटेवरच्या पोराचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

दुसऱ्या दुपारी चप्पल फाटकाबाहेर थांबली नाही. अंगणात आली. तुळशीजवळ वाजली.

"याले पुण्याची गाडी धरून देतो," बंडूजी बायकोला म्हणाले. "तेथी काय येते थो?"

"रोहण्याले नोयता गेला का? पुण्याले बी जाईन. तिकिटाची बी गरज नाई आता त्याले." चतुराबाई पदराने डोळे पुसत होत्या. "तुमचा दोस्त हाय. तुम्हीच जाऊन सांगा काही."

"मी काय सांगू?"

"ह्याच्या बोलण्याचा काही अर्थ नसते, हेच सांगा. ह्याच्याकडून समजून घ्या अन् जा. माया तं डोक्यात शिरत नाई."

मग तापल्या खाटेवर शिकवणी सुरू झाली. बंडूजी जन्मात शाळेत गेले नव्हते. गेले ते वयाच्या या टोकाला, तेही अशा कामासाठी. स्वप्निल डोळे मिटून एकेक सांगत होता.

"'टेक केअर', म्हणजे काळजी घ्या."

"कोण्या गोष्टीची?"

"कोणत्याच नाही. अशीच. 'कीप इन टच', म्हणजे संपर्कात राहा. पण नाही राहिलं तरी चालते. 'कॅच यू लेटर', म्हणजे नंतर पकडतो..."

"हे त्याच्यासमोर चुकून बी काढाचं नाई," चतुराबाई दारातून म्हणाल्या.

"अन् आमचे साहेब नेहमी म्हणते, 'एकदा जेवायला भेटू.' तीन वर्षं झाली."

"म्हणजे जेवाले या म्हणते अन् ताट वाढत नाई?" चतुराबाईंचा भुतापेक्षा यावरच विश्वास बसेना. "अन् तुम्ही उपाशी बसता त्याच्या दारात?"

"नाही आजी. आम्हाला बी माहीत असते, जायचं नसते म्हणून."

तिसऱ्या दुपारी बंडूजींनी डोक्याला दुपट्टा बांधला, तांब्याभर पाणी प्यायले आणि चप्पल अंगणात वाजायच्या आत आपणच निघाले.

दुकानाचं शटर खाली होतं. ओट्यावर अण्णाजींची खुर्ची उघडी, रिकामी. दुसरी भिंतीला टेकवलेली, तिच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. आपली वेळ काही ठरलेली नाही, तेव्हा ती उघडायची नाही, हे बंडूजींना सांगावं लागलं नाही. ते ओट्याच्या कडेला बसले आणि लगेच उठले. फरशी भाजत होती. डोक्याचा दुपट्टा काढून त्यांनी खाली घातला, पुन्हा बसले.

"अण्णाजी..."

समोरच्या रस्त्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं. मग खुर्चीच्या पट्ट्या कुरकुरल्या. कुणी भार टाकावा तशा सावकाश खाली गेल्या आणि तिथेच राहिल्या. हिंगाचा वास आला. बंडूजींनी नजर जमिनीवर ठेवली. जमिनीवर तार बांधलेली चप्पल होती. त्यांनी नजर आणखी अलीकडे, स्वतःच्या गुडघ्यावर आणली.

"पोट्टा कुठी हाय?"

"तापानं फणफणून राह्यला... त्याच्यासाठीच आलो. सोडा त्याले, अण्णाजी."

"मी कुठी धरलं? त्यानंच शब्द देल्ला."

"तो शब्द नाई... ते इंग्रजी हाय."

"इंग्रजीत शब्द नसते?"

"असते. पण निघतानी जे म्हणते, ते..." काय सांगावं? दुकानदाराला दुकानाच्या भाषेत सांगावं. "तुम्ही साखरेची पुडी बांधता का नाई? तशी ते बी बांधते. चांगली दोऱ्यानं बांधते. पण आत साखर नसते."

पट्ट्या एकदम वाजल्या. "रिकामी पुडी?"

"रिकामी."

"गिऱ्हाईक काही म्हणत नाई?"

"गिऱ्हाईक बी तशीच रिकामी पुडी परत देते. दोघंही खूश."

बंडूजींना वाटलं, रागावले. पण आवाज आला तो रागाचा नव्हता. पाऊस न पडल्याची बातमी ऐकावी, तसा होता.

"मंग वाट कोण पाह्यते?"

"...कोणीच नाई पाहत."

"कोणीच नाई?"

"नाई."

"बाप्पा." अण्णाजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ज्या दिवशी मी गेलो, त्या सकाळी तुम्ही म्हणले होते, संध्याकाळी येतो. सहा वाजता."

"आलो होतो नं, अण्णाजी. खांदा द्याले आलो होतो."

"आले होते. मी पाह्यलं. खुर्ची पुसाची राहून गेली..." आवाज थांबला. पट्ट्या हळूहळू वर येऊ लागल्या. "बरं. अर्थ नाई तं नाई. पोट्ट्याले सांगा, त्याचं मोकळं झालं."

बंडूजींनी हात जोडले. दुपट्टा उचलला. आता निघायचं. इथे फार सांभाळायला हवं होतं, कारण साठ वर्षांची सवय जिभेच्या टोकावर येऊन बसली होती. त्यांनी ओठ दातांत धरले. 'येतो' म्हटलं नाही. एक पायरी उतरले. दुसरी उतरले. रस्त्यावर पाय ठेवला.

मागून आवाज आला. जरा अडखळत, नवीन चप्पल घालून पाहावी तसा.

"बंडूजी... सी यू."

आणि बंडूजी म्हणाले, "हो."

म्हणाले म्हणजे काय, निघून गेलं तोंडातून. दारातून कुणी काही म्हटलं, की माणूस 'हो' म्हणतोच. 'सांभाळून जा', हो. 'पुन्हा या', हो. कडुलिंबापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कशाला हो म्हणालो. मागे जाऊन विचारावं का? पण विचारायचं म्हणजे 'कवा?' असंच विचारावं लागलं असतं.

घरी आले तो स्वप्निल उठून बसला होता. घामाने डबडबलेला, अंग गार. "आजी, भूक लागली," म्हणत होता. चतुराबाईंनी वांग्याची भाजी टाकली, दोनदा तिखट घातलं आणि रडता रडता हसल्या. अंगणात चप्पल पुन्हा वाजली नाही.

"काय म्हणले?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"सोडला म्हणले."

"अजून काही?"

"अजून... काही नाई. त्याचा काही अर्थ नसते," बंडूजी म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

चार दिवसांनी ते नातवाला बसवर बसवायला गेले. बस हलली तसा स्वप्निल सवयीने खिडकीतून ओरडला, "बाय आबाजी, सी..." आणि त्याने जीभ चावली. मग हात बाहेर काढून, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवाळीले येतो! धनतेरसच्या दिवशी! सकाळच्या गाडीनं!"

"हो," बंडूजी म्हणाले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

परतीची वाट अण्णाजींच्या गल्लीतून होती. त्यांनी स्वतःला बजावलं, घाबरायचं कारण नाही. रिकामी पुडी. आपणच समजावलं, त्यांनाही पटलं. पटलं नसतं तर पोराला कशाला सोडलं असतं? आणि ज्याला एकदा पटलं, की या बोलण्याला अर्थ नसतो, तो ते बोलेल तेव्हा बिनअर्थाचंच बोलेल ना? हे त्यांनी बसथांब्यापासून कडुलिंबापर्यंत तीनदा घोळवलं. तिन्ही वेळा बरोबर आलं.

प्रमिलाबाई ओटा झाडत होत्या. बंडूजींना पाहून त्या कंबर धरून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ही खुर्ची तुम्ही मांडली का?"

भिंतीजवळची दुसरी खुर्ची उघडी होती. अण्णाजींच्या खुर्चीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ मांडलेली.

"मी... नाई."

"मंग कोण? मी तं आत्ताच शटर उघडलं. तिले हात बी नाई लावला."

बंडूजी जवळ गेले. खुर्चीवर धूळ नव्हती. त्यांनी भीत भीत पट्टीवर बोट ठेवलं. आमच्याकडच्या मे महिन्यात ओलं फडकं फिरवलं, तर पापणी लवायच्या आत सुकतं.

पट्टी ओली होती.